एक्स-१००व्ही आणि टेलीसोबत आठ महिने, आणि आता वाइडचे डोहाळे

फुजीचा एक्स-१००व्ही कॅमेरा सेकंडहँड घेतला त्याला आठ महिने झाले. २३ एमएम एफ/२ लेन्स, फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या हिशोबात ३५ एमएम, आणि ती निघत नाही. माहीत असूनच घेतला होता, तरी दुसऱ्याच आठवड्यात हात शिवशिवायला लागले की हिच्यावर अजून काय काय बसेल.

लेन्सच्या पुढे फिरवून लावायचे दोन कन्व्हर्टर मिळतात: जवळचं दाखवणारा टेली १.४ पट, म्हणजे ३५ चे ५० होतात, आणि जास्त भाग फ्रेममध्ये घेणारा वाइड ०.८, म्हणजे २८. मला पहिल्या व्हर्जनचा टेली स्वस्तात मिळाला. नवीन व्हर्जन लावला की कॅमेरा आपोआप ओळखतो, जुन्याला मेनूत जाऊन सांगावं लागतं. म्हटलं त्यात काय एवढं! तर भाचीच्या बारशाला टेली काढला पण सेटिंग बंद करायचं राहिलं, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून थेट बघायच्या खिडकीत) चौकट ५० ची आणि फोटो येतायत ३५ चे, त्यामुळे प्रत्येक फोटोत पाळण्याशेजारी टेबलफॅन आहे. आता ते सेटिंग एफएन (फंक्शन) बटणावर टाकलंय.

फोटो मात्र मस्त येतात. टेली लावूनही एफ/२ (लेन्सचं उघडणं) तसंच राहतं आणि मागचा भाग, नुसता फोटो क्रॉप केल्यापेक्षा, जास्त ब्लर होतो, आजीचे पोर्ट्रेट बघून घरचे खूश. पण पावणेपाचशे ग्रॅमच्या कॅमेऱ्यावर अजून पावणेदोनशेच्या आसपास, खिशात मावणारी वस्तू गळ्यात लोंबायला लागते. व्ह्यूफाइंडरचा कोपरा पण झाकला जातो. आणि खरं सांगू का, २६ मेगापिक्सेलमधून ५० एवढं क्रॉप केलं तरी १३ च्या आसपास उरतात, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला कळतंय?

पावसाळ्यात तर टेली कपाटातच होता. कॅमेऱ्याला पाणी सहन व्हायला लेन्सवर अडॅप्टर रिंग आणि ४९ एमएमचा फिल्टर लागतो, आणि टेली लावायचा तर ते दोन्ही काढा, मग सिंहगडावर धुक्यात हे कोण करत बसणार. त्यात मी सहाशे रुपयांची लोकल रिंग घेतली ती अशी अडकली की शेवटी भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घालून फिरवली तेव्हा सुटली. रिंग चांगलीच घ्या, हूड (लेन्सवर ऊन पडू न देणारी झडप) पण त्यावरच बसतो आणि माझ्या कॅमेऱ्यावर कायम तोच असतो.

आता डोक्यात वाइड घोळतोय. टेलीचं काम क्रॉप करून भागतं, पण जे फ्रेममध्ये आलंच नाही ते क्रॉप करून कुठून आणणार? लक्ष्मी रोडला विसर्जनाच्या गर्दीत मागे सरकायला वीतभर जागा नसते, तिथे ३५ कमी पडते. २८ ने फार फरक पडेल का, की मोबाईलच काढावा (त्याची मेन लेन्स तशीही याहून वाइड असते), हे अजून ठरत नाहीये. टेली विकून जेवढे येतील तेवढ्यात सेकंडहँड वाइड बसला तर गणपतीच्या आधी घेईन, यावेळी नवीन व्हर्जनचाच, ते मेनूचं झंझट परत नको.