लाल प्रकाशाचा एलईडी मुखवटा : अकरा आठवड्यांच्या घरगुती वापरानंतर

गेल्या फेब्रुवारीत मी चेहऱ्यासाठी लाल प्रकाशाचा एलईडी मुखवटा ऑनलाइन मागवला आणि अकरा आठवडे नेमाने वापरला. किंमत साडेचौदा हजार रुपये होती. डोळ्यांभोवतीच्या बारीक सुरकुत्या थोड्या कमी व्हाव्यात एवढीच माझी अपेक्षा होती आणि तेवढा फरक मला जाणवलाही. हे परीक्षण मात्र मी माझ्या डाव्या गालावरच्या वांगामुळे लिहीत आहे. या काळात तो अधिक गडद झाला आणि असे होऊ शकते याचा एक शब्दही पेटीवर किंवा माहितीपत्रकात नव्हता.

मुखवटा मऊ सिलिकॉनचा आहे, डोक्यामागे दोन पट्ट्यांनी बांधता येतो आणि दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो. पेटीवर ६३३ आणि ८३० नॅनोमीटर या दोन तरंगलांब्या छापल्या आहेत. पहिला प्रकाश लाल दिसतो, तर दुसरा अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसतच नाही. या उपचारामागची मूळ कल्पना खोटी नाही. बुडापेस्टमधील डॉक्टर एन्ड्रे मेस्टर यांना १९६७ च्या सुमारास उंदरांवर लेसरचे प्रयोग करताना असे आढळले होते, की प्रकाश दिलेल्या जागी केस लवकर उगवतात. पेशींतील तंतुकणिका हा प्रकाश शोषून घेतात आणि त्यामुळे पेशीच्या ऊर्जानिर्मितीला चालना मिळते, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. लाल प्रकाशात अतिनील किरण नसतात, त्यामुळे उन्हाने त्वचा भाजते तसे इथे होत नाही. ‘पूर्णपणे सुरक्षित’ हा जाहिरातीतला दावा एवढ्याच आधारावर उभा असतो आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

पहिली अडचण डोळ्यांची आली. सोबत दिलेल्या डोळ्यांच्या वाट्या माझ्या नाकाच्या दांड्यापाशी नीट टेकत नव्हत्या. डोळे मिटले तरी त्या फटीतून आत येणाऱ्या प्रकाशाने पापण्यांच्या आतून सगळे तांबडे दिसायचे आणि मुखवटा काढल्यावर काही मिनिटे खोलीतला ट्यूबलाइट हिरवट भासायचा. पहिल्या आठवड्यात दोन वेळा डोके दुखले. पुढे मी वाट्यांखाली काळ्या सुती कापडाची घडी ठेवू लागले आणि तो त्रास थांबला. ही काळजी अवाजवी आहे असे कोणी म्हणू नये. न्यूट्रोजिनाचा निळ्या आणि लाल प्रकाशाचा मुखवटा २०१९ मध्ये कंपनीने स्वतःहून बाजारातून परत घेतला होता, कारण डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असलेल्या किंवा प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींच्या डोळ्यांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. चीनमध्ये मुलांच्या चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या लाल प्रकाशाच्या यंत्रामुळे एका बारा वर्षांच्या मुलीच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे प्रकरण २०२३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. ते यंत्र थेट डोळ्यात प्रकाश सोडणारे होते, त्यामुळे त्याची आणि मुखवट्याची बरोबरी करता येणार नाही. तरीही लाल प्रकाश डोळ्यांना निरुपद्रवीच असतो हे विधान त्यानंतर कोणी छापू नये असे मला वाटते.

आता वांगाविषयी. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या गालावर दोन रुपयांच्या नाण्याएवढा फिकट डाग राहिला होता. सुरकुत्यांमधला फरक कळावा म्हणून मी दर रविवारी सकाळी एकाच खिडकीपाशी फोटो काढत होते. सहाव्या आठवड्याच्या फोटोत डागाची कड स्पष्ट झालेली दिसली आणि नवव्या आठवड्यापर्यंत तो गालफडाच्या हाडापर्यंत पसरला. त्वचारोगतज्ज्ञांनी मला सांगितले, की गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत उष्णतेमुळे आणि दृश्य प्रकाशामुळेही वांग वाढू शकतो. माझ्या बाबतीत दोष मुखवट्याचा किती आणि पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हाचा किती, हे मात्र खात्रीने सांगता येणार नाही. मुखवटा काढताना गाल चांगलेच कोमट लागायचे, एवढे मी स्वतः अनुभवले आहे. त्यांनी मुखवटा बंद करायला सांगितला आणि आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन दिले, कारण साधे सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही.

त्वचेच्या रंगाचा हा मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेत लाल एलईडीच्या मात्रेवर झालेल्या चाचण्यांत गोऱ्या त्वचेला दर चौरस सेंटीमीटरला ४८० ज्यूलपर्यंतची मात्रा सोसली, तर गडद त्वचेसाठी ती मर्यादा ३२० ज्यूल ठरली. त्यापुढे फोड येणे, लाली टिकून राहणे असे परिणाम दिसले. घरगुती मुखवट्याची मात्रा याहून पुष्कळ कमी असते. समजा, एखादा मुखवटा दर चौरस सेंटीमीटरला ३० मिलिवॅट देत असेल, तर दहा मिनिटांत १८ ज्यूल होतात. म्हणजे भाजण्याची भीती फारशी नाही, पण हा हिशेब करण्यासाठी मिलिवॅटचा आकडा हाती असावा लागतो आणि तोच माझ्या पेटीवर नाही. जास्त वेळ दिल्याने फायदा वाढतो असेही नाही, कारण या उपचारात ठरावीक मात्रेनंतर परिणाम उलट घटताना दिसतो.

ज्या व्यक्ती डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइनसारखी औषधे घेत आहेत, ज्यांना ल्युपस किंवा पोर्फिरिया आहे, अथवा दृष्टिपटलाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे उपकरण वापरू नये. माझ्या सासूबाईंनी याच कंपनीचा गुडघ्याचा पट्टा वापरून पाहिला. त्यांना जुना मधुमेह आहे आणि पायांची संवेदना कमी झाली आहे. पट्टा किती तापला हे त्यांना कळलेच नाही. मी हात लावला तेव्हा तो चटका बसण्याइतका गरम होता आणि खालची कातडी लाल झाली होती. पायांना बधिरपणा असलेल्या माणसाच्या हाती असा पट्टा एकट्याने देऊ नये.

पेटीवर ‘एफडीए’ (अमेरिकेची अन्न व औषध नियामक संस्था) ही अक्षरे ठळक छापली आहेत. अमेरिकेत कंपनीची नुसती नोंदणी होणे आणि उपकरणाला विक्रीची परवानगी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी मिळालेल्या अशा उपकरणाला बहुधा ‘के’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो एफडीएच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. भारतातही १ एप्रिल २०२० पासून उपचारासाठीची सर्व उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे सांधेदुखी किंवा मुरुम बरे करण्याचा दावा करणाऱ्या विक्रेत्याकडे परवाना क्रमांक मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

सुरकुत्यांसाठी मी या मुखवट्याला पाचपैकी तीन गुण देईन आणि सुरक्षिततेच्या माहितीसाठी एक. ज्यांच्या चेहऱ्यावर वांग आहे किंवा पूर्वी होता, त्यांनी तो घेऊ नये. मिलिवॅटचा आकडा, परवानगीचा क्रमांक आणि वांगाविषयीची सूचना या तीन गोष्टी मी कंपनीला मेमध्ये लेखी विचारल्या होत्या. उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले.