आठ इंची डॉब्सोनियन, दिवाळी ते पावसाळा: काळोख काळाच दिसला पाहिजे

203 मिमीचा आरसा, 1200 मिमी फोकल लेंग्थ, सोबत 25 आणि 10 मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं). ही माहिती डॉब, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, घेणाऱ्याला तोंडपाठ असते, म्हणून ती उगाळत बसत नाही. गुरूचे पट्टे, मृगातला तेजोमेघ, चंद्रावरची विवरं, सगळं उत्तम दिसतं. मला लिहायचंय ते ताऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेबद्दल. माझ्या दुर्बिणीत ती करडी दिसत होती आणि त्यावरून विक्रेत्याशी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माझा वाद चालला.

त्यांचं उत्तर ठरलेलं: "सर, शहरात असंच दिसणार, हा डिफेक्ट नाही." शहरातल्या आकाशाचा दोष मी दुर्बिणीवर ढकलत नाही. पण वेल्ह्याच्या पुढे, चांगल्या अंधारात नेऊनही लांबच्या एखाद्या घरातला बल्ब लागला की अख्खं दृश्य फिक्कट व्हायचं. आयपीस काढून फोकसरमधून (आयपीस बसवायच्या छोट्या नळीतून) नुसत्या डोळ्याने बघितलं की कारण लगेच कळतं. दुय्यम आरशाच्या (प्रकाश फोकसरकडे वळवणाऱ्या छोट्या आरशाच्या) भोवती नळीची पलीकडची भिंत दिसते, आणि तिला आतून दिलेला काळा रंग चक्क चकाकतो. फोकसरच्या आतल्या क्रोमवरही उजेडाची एक बारीक कड उमटते. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. शेवटी त्यांनी कळवलं, नळी बदलून देऊ, पण दोन्ही वेळचं भाडं तुमचं. पन्नास हजारांच्या वर मोजल्यावर हे ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. सर्व्हिसला शून्य.

एवढ्याशा करडेपणाचं इतकं काय, असं बऱ्याच जणांनी विचारलं. तर ही दुर्बीण मी ग्रह बघायला घेतलेली नाही. विश्वाला शेवट आहे की नाही, हा प्रश्न शाळेपासून माझा पिच्छा सोडत नाही. या प्रश्नाचा जो एक पुरावा आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो, तो म्हणजे हा काळोख.

उसाच्या मोठ्या फडात मधोमध उभं राहिलं की कुठेही बघा, नजर कुठल्या ना कुठल्या उसावर अडतेच. विश्व अमर्याद असेल, कायमचं असेल आणि तारे सगळीकडे सारखेच विखुरलेले असतील, तर आकाशातही हेच व्हायला हवं. प्रत्येक दिशेला नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावर टेकेल आणि रात्रीचं सगळं आकाश सूर्याच्या चकतीसारखं झगझगेल. दूरचा तारा मंद दिसतो हे खरं, पण जितकं लांब जावं तितकी ताऱ्यांची संख्याही वाढत जाते आणि हिशोब बरोबर फिटतो. गॅलिलिओने 1610 मध्ये दुर्बिणीतून दिसलेले ढीगभर नवे तारे जाहीर केले, तेव्हा केप्लरने त्याच वर्षी नेमका हा मुद्दा पकडला: इतके तारे असून रात्र काळी आहे, म्हणजे विश्वाला मर्यादा आहे. 1823 मध्ये ब्रेमेनचे डॉक्टर ओल्बर्स यांनी तोच प्रश्न पुन्हा मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मधला विरळ पदार्थ प्रकाश शोषून घेतो, हे त्यांचं उत्तर मात्र टिकलं नाही. कायम प्रकाश पीत राहणारा पदार्थ स्वतःच तापून तेवढाच उजळेल.

आता दुरुस्ती. संक्रांतीनंतर रविवार पेठेतून काळं मखमल आणलं, खर्च काही शे रुपये. मुख्य आरसा सेलसकट (बैठकीसकट) काढून ठेवला, मखमलावरून आधी ब्रश फिरवून सुटे धागे काढले (हे नाही केलं तर ते आरशावर पडतात) आणि फोकसरच्या समोरच्या भिंतीवर ते रबर सोल्यूशनने चिकटवलं. क्रोमला फळ्याला देतात तो मॅट काळा रंग दिला. नळीच्या तोंडाला काळ्या कार्डशीटची वीतभर कॉलर लावली. मग परत कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं. एका रविवारचं काम.

इथून माझं मत बदललं. डिसेंबरात विचारलं असतं तर मी पाचपैकी दोन तारे दिले असते. एप्रिलमध्ये याच दुर्बिणीतून कन्या राशीतला 3सी 273 बघितला. हा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा झगझगीत गाभा, तेज 12.9 प्रतीचं (आकडा जितका मोठा तितकं मंद). 25 च्या आयपीसमध्ये तो हातातून निसटत होता. 10 चा लावला की दृश्य जास्त मोठं होऊन पार्श्वभूमी सहाएक पट काळी होते आणि तो ठिपका जागेवर टिकतो. शेजारच्या ताऱ्यांहून त्यात वेगळं काहीच दिसत नाही. पण त्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्याच आकाशगंगेतला, आणि याचा प्रकाश सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी निघालेला. करड्या पार्श्वभूमीवर हा मला कधीच सापडला नसता. त्या रात्री किती वेळ आयपीसला डोळा लावून उभा होतो याचं भान राहिलं नाही, आणि बराचसा वेळ मी त्या ठिपक्याच्या आजूबाजूचा काळोखच बघत होतो.

कारण केप्लरचा निष्कर्ष जसाच्या तसा घेता येत नाही. आज आपल्याला माहीत आहे की मर्यादा काळाला आहे. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं, त्यामुळे फार लांबचा प्रकाश अजून इथे पोचलेलाच नाही. जागा अमर्याद असली तरी रात्र काळी राहू शकते. पुण्यात बसून हा विषय काढायचा आणि नारळीकर सरांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्यासोबत ज्या स्थिर स्थिती विश्वाची बाजू त्यांनी मांडली, त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही. तिथेही रात्र काळीच, कारण प्रसरणामुळे दूरचा प्रकाश ताणला जाऊन क्षीण होतो. बहुतेकांनी तो सिद्धांत सोडला तो 1965 नंतर. पेन्झियस आणि विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांना सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मतरंगांचं (मायक्रोवेव्ह) प्रारण, म्हणजे उष्ण आरंभाची उरलेली खूण सापडली, म्हणून.

आणि हे प्रारण मला सगळ्यात जास्त थक्क करतं. ओल्बर्सना अपेक्षित असलेला सर्वदूर उजेड खरोखर आहे. विश्व 3 लाख 80 हजार वर्षांचं होतं तेव्हाचा, सुमारे 3000 केल्विन तापमानाचा तो उजेड 1100 पट ताणला जाऊन आता 2.7 केल्विनवर आलाय. आयपीसमधल्या प्रत्येक काळ्या जागेत तो आहे, फक्त आपल्या डोळ्यांच्या पल्ल्यात नाही.

शेवटाचा प्रश्न यानेही मिटत नाही. ज्या ठिकाणांहून प्रकाश आपल्यापर्यंत पोचला, ती प्रसरणामुळे आज सर्व बाजूंनी सुमारे 4650 कोटी प्रकाशवर्षांपर्यंत आहेत. त्यापलीकडचं दिसायची सोय नाही. हे प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांनुसार अवकाश जवळजवळ सपाट आहे, म्हणजे अफाट मोठ्या त्रिकोणाच्याही कोनांची बेरीज 180 अंशच. सपाट म्हणजे अनंतच असं मात्र नाही. सरळ जात राहिल्यावर मूळ जागी परत आणणारं सपाट, सांत (मर्यादित) विश्वही गणितात बसतं. ते पुरेसं लहान असतं तर त्या प्रारणात दोन वेगवेगळ्या दिशांना एकसारखी वर्तुळं दिसायला हवी होती. ती शोधली, सापडली नाहीत. माझा कल अनंताकडे आहे. सांत असल्याची एकही खूण आजवर मिळालेली नाही, आणि मी तेवढ्यावर पैज लावायला तयार आहे.

दुर्बिणीला आता साडेचार तारे. अर्धा कापला तो त्या चकाकत्या रंगासाठी. ते काम कारखान्यात व्हायला हवं होतं. पावसाळ्यात बुरशीची भीती असल्याने आरसा काढून सिलिका जेलसकट डब्यात ठेवलाय. घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानदाराकडून आयपीस काढलेल्या फोकसरमधून घेतलेला व्हिडिओ मागा. आरशाभोवती काही चमकताना दिसलं तर किंमत कमी करून घ्या किंवा दुसरी नळी उघडायला लावा.