दुनळीच्या काडतुसांसाठी स्वस्त डबे : 20 महिने, दोन डबे आणि 30 रुपयांचं रबर

काही दिवसांपूर्वी कपाटातून डबा ओढला आणि क्लिप हातात आली. डबा मांडीवर झेलला म्हणून बरं, नाहीतर बारा बोरची चाळीस काडतुसं फरशीवर गडगडत गेली असती. आतून हिचा आवाज आला, "काय पडलं?" मी म्हटलं, काही नाही. तुटलेल्या क्लिपचा तो इवलासा तुकडा समोर ठेवूनच हे लिहितो आहे, त्यामुळे सूर जरा कडू लागला तर समजून घ्या.

आधी माझी गरज सांगतो, कारण ती तुमच्यापेक्षा वेगळी असू शकते. बाबांची दुनळी आहे. परवाना पीकसंरक्षणाचा, आता माझ्या नावावर. काटोलकडे संत्र्याची बाग आहे. बंदूक वर्षातून चार वेळा तेलपाणी करायला बाहेर निघते आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते. बार क्वचितच होतो. म्हणजे माझी काडतुसं वर्षानुवर्षं पडून राहतात. जो दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर पेटी संपवतो त्याला डब्याचं काही पडलेलं नसतं, पुठ्ठ्याचा खोकासुद्धा चालतो त्याला. पडून राहणाऱ्या मालालाच चांगला डबा लागतो.

पुठ्ठ्याचा खोका माझ्याकडेही होता. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपुरात कोणी विसरणार नाही. रात्रीतून 100 मिलीमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी रस्त्यावर. आमच्याकडे गुडघाभर पाणी. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातला खोका चिखलाच्या लाडूसारखा झाला होता. काडतुसं वरून ठीक दिसत होती, पण आत पाणी शिरलं की नाही हे बाहेरून कोण सांगणार? वाळवून वापरायची हिंमत नव्हती. ठाण्यात रीतसर लिहून देऊन जमा केली. नवीन घेतली, परवान्यावर नोंद झाली, खिसा हलका झाला. त्याच आठवड्यात डबा शोधायला बसलो.

पहिला डबा : मिलिटरी थाटाचा हिरवा प्लास्टिकचा, ऑनलाइन, 1,150 रुपये. माप-बिप सांगत बसत नाही, सगळ्यांनी पाहिलेला आहे. अमेरिकन फौजेच्या लोखंडी डब्याची नक्कल, वर कडी, पुढे एक मोठा खटका, झाकणाला रबर. कुलूप अडकवायला भोक आहे, हे महत्त्वाचं. घरात लहान पोट्टे येतात-जातात, आणि 2016 च्या शस्त्र नियमांपासून शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आपणच लिहून दिलेली असते. काडतुसं एका कुलपात, बंदूक दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नाहीत. हे मी बाबांकडून शिकलो, नियमाकडून नाही.

पहिले दोन महिने मी या डब्याच्या प्रेमात होतो. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. खटका दाबताना येणारा 'खाट्' आवाज ऐकायला मी उगाच डबा उघडायचो.

मग एका मित्रानं दहाच्या नोटेची युक्ती सांगितली. झाकण आणि कड यांच्यामध्ये नोट ठेवायची, डबा बंद करायचा आणि नोट ओढायची. घट्ट अडकली तर रबर तिथं दाबलं जातंय, सुळकन निघाली तर तिथून हवा जाते. चारी बाजूंनी पाहिलं, नोट हलत नव्हती. फक्त मागच्या उजव्या कोपऱ्यात लोण्यातून काढल्यासारखी बाहेर आली. काडतुसं काढून डब्यात कोरडा टिश्यू ठेवला, डबा बंद करून बादलीत दाबून धरला. त्याच कोपऱ्यातून बुडबुडे. एक, मग एक, मग एकामागे एक. टिश्यू ओला.

चष्मा लावून पाहिलं तेव्हा कळलं. या डब्याचं रबर म्हणजे अखंड रिंग नाहीच. पट्टी आहे! पट्टी खाचेत बसवत बसवत कोपऱ्यापर्यंत आणली आणि तिथं दोन टोकं समोरासमोर आणून सोडून दिली. चिकटवलीसुद्धा नाहीत. मध्ये नखाएवढी फट. 1,150 रुपयांच्या डब्यात पाच पैशांचं सोल्युशन लावायचं जिवावर आलं होतं यांच्या. मला कोणी म्हणेल, एवढ्याशा फटीनं काय होतं? अहो, हवाबंद डब्याचा सगळा धंदाच त्या फटीवर आहे. कोपऱ्यात फट ठेवून हवाबंद म्हणायचं, तर मग माझ्या घराचं फाटकपण हवाबंद आहे.

फटीनं काय होतं ते मला उन्हाळ्यात दिसलं. सगळे पावसाळ्याला घाबरतात. मीही घाबरायचो. अडीचशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ घेतलं आणि डोळे उघडले. नागपुरात मे महिन्यात बाहेरची हवा पापड वाळवायच्या लायकीची असते, दुपारी माझ्या गच्चीवर 15-20 टक्के. पण आपण काय करतो? कूलर लावतो. नवं गवत, भरलेली टाकी, दिवसरात्र पंप. त्या खोलीत मला 68 टक्के दिसले, आणि आमचं कपाट बरोब्बर कूलरच्या तोंडासमोर. म्हणजे काडतुसांचा पावसाळा आमच्याकडे एप्रिलमध्येच सुरू होतो आणि तोही आपल्याच विजेच्या बिलावर. (30 मे 2024 ला इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि नंतर सेन्सरच बिघडलेलं निघालं. त्या दिवशी तर कूलरला श्वास घ्यायला वेळ नव्हता.)

कूलरच्या खोलीतून हलवून वरच्या माळ्यावर ठेवावं तर तिथं पत्र्याखाली भट्टी. उष्णताही वाईटच. काडतुसातल्या धूररहित दारूत तिला टिकवणारं एक रसायन मिसळलेलं असतं, ते गरमीत लवकर खर्ची पडतं. एका उन्हाळ्यात काही होत नाही, दहा उन्हाळ्यांत होतं. गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. शेवटी कपाट बेडरूममधून उचलून मधल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. चार माणसं लागली. डब्याच्या अनुभवात कपाटाची हमाली कुठून आली म्हणाल, पण खरा फरक त्यानंच पडला.

हिरव्या डब्यात सिलिका जेलची पुडी होती. नारिंगी मणी, ओल शोषली की हिरवे होतात. आमच्या संत्र्याच्या उलटं, इथं नारिंगी ते चांगलं आणि हिरवं झालं की संपलं. चांगल्या डब्यात ती पुडी महिनोन्महिने नारिंगी राहायला हवी. माझी नऊ दिवसांत हिरवीगार. जुन्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी केली (कढई वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको), पुन्हा दहा दिवसांत हिरवी. पुडी ओल शोषणार, डबा ती आत घेणार. मी मध्ये कढई हलवणार.

तेव्हा जून 2024 मध्ये रागानं दुसरा डबा घेतला : स्वयंपाकघरातला चार क्लिपांचा चौकोनी हवाबंद डबा, 240 रुपये. त्याची सिलिकॉनची रिंग अखंड! कुठंही सांधा नाही. बादलीत बुडवला, एक बुडबुडा नाही. घड्याळ आत ठेवलं, अख्खा पावसाळा 35 ते 40 टक्के. पुडी दिवाळीपर्यंत नारिंगी. मी चौघांना सांगत सुटलो की 1,150 चं सोडा, 240 चा घ्या. त्याला कुलपाची सोय नाही, म्हणून कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये ठेवायचा, एवढीच अट.

त्या चौघांची आज माफी मागतो. वर्षभरात क्लिपांचे बिजागर पांढरे पडले. प्लास्टिक वारंवार वाकलं की तसं पांढरं पडतं, ते मी पाहिलं होतं आणि दुर्लक्ष केलं होतं. दोन किलोच्या आतबाहेरचं वजन त्या क्लिपांना धरून मी ओढायचो, हीही माझीच चूक. डबा बुडातून उचलायचा असतो.

तरी कंपनीला फोन लावला, कारण पाच वर्षांची गॅरंटी छापली होती.

"सर, डिब्बे में आप क्या रखते थे?"

इथं मी अडकलो. खरं सांगावं तर फोनवरची मुलगी भलतंच काही समजायची. म्हटलं, "फराळ."

"सर, कितना वजन का फराळ?"

"दो किलो."

"सर, चकली है क्या?"

मी म्हटलं, हो, कडक चकली. मग फोटो पाठवा, बिल पाठवा, डब्याच्या बुडाचा फोटो पाठवा. पाठवले. चार दिवसांनी उत्तर, क्लिप हा 'झिजणारा भाग' आहे, गॅरंटीत येत नाही. डब्याला दुसरं आहे काय हो? बूड झिजतं का? परत फोन, परत वेगळी मुलगी, परत चकली. शेवटी मीच सोडून दिलं.

ज्या गावात देशभरातल्या स्फोटकांच्या सुरक्षेचं मुख्य कार्यालय आहे आणि अंबाझरीला तोफगोळ्यांचा कारखाना आहे, त्या गावात माणसाला चाळीस काडतुसांचा एक धड डबा मिळू नये, या विचारानं चिडून इतवारी बाजारात गेलो. खरं तर कुकरची रिंग आणायला गेलो होतो, हिनं पाठवलं होतं. दुकान म्हणजे दीड माणसाची जागा, भिंतीवर शेकडो रिंगा टांगलेल्या. सोबत हिरव्या डब्याचं झाकण पिशवीत टाकून नेलं होतं.

"काका, हे कोण्या कुकरचं हाय?"

"कुकरचं नाही, डब्याचं आहे."

त्यानं झाकण उलटं केलं, अंगठा फिरवला आणि थेट त्या कोपऱ्यावर थांबला. मला नोट, बादली आणि अख्खा उन्हाळा लागला होता. "इथून हवा जाते ना? जोड कोपऱ्यात कायले देला यानं? कोपऱ्यात रबर ताणते, अन् फाकते."

त्यानं जुनी पट्टी उपटून फेकली. गोल रबराची दोरी काढली, खाचेत धरून मापली, ब्लेडनं दोन्ही टोकं तिरपी कापली. सरळ नाही, तिरपी, म्हणजे चिकटायला जागा जास्त. सोल्युशन लावलं, फुंकर मारली, बोटांत धरून बसला आणि तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाला शिट्टी विकली. जोड लांब बाजूच्या मधोमध आणला. 30 रुपये. मी 50 दिले, त्यानं 20 परत केले.

घरी येऊन काडतुसं लगेच भरली नाहीत, सोल्युशनचा वास जाईपर्यंत तीन दिवस झाकण गच्चीवर ठेवलं. मग नोट लावली, चारही कोपऱ्यांत घट्ट. बादलीत शांतता. आज आठवा दिवस, बाहेर पाऊस लागून आहे, आत 38 टक्के. आठ दिवसांवर मत बनवू नये हे मी वर शिकलोच आहे, पण पुडी नारिंगी आहे.

डबा कुठलाही घ्या, आत काय जाऊ नये ते मात्र बाबांच्या पट्ट्यावरून सांगतो. त्यांचा चामड्याचा काडतुसांचा पट्टा अजून आहे, आणि त्यातल्या प्रत्येक खणात हिरवट मेणासारखा थर बसला आहे. चामडं कमावताना जे वापरतात ते पितळेला खातं. पट्टा मिरवायला ठीक, साठवायला नाही. त्यांच्या काळातली कागदी नळीची काडतुसं तर पावसाळ्यात फुगायची आणि बंदुकीत शिरायचीच नाहीत, आता प्लास्टिकच्या नळीमुळे ते दुखणं गेलं. काडतुसाला तेल लावू नका, ते बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीच्या कडेनं आत झिरपतं.

आणि शेतावर ठेवत असाल तर गोठ्याला लागून कधीच नको. इंग्रजांच्या फौजेनं हे भोगलं आहे. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेल्या काडतुसांची पितळी कवचं आपोआप तडकायची. बिचाऱ्यांनी हंगामावर खापर फोडलं, 'सीझन क्रॅकिंग' नाव दिलं. जनावरांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा मिळून ताणातल्या पितळेला तडे देतात, हे 1921 मध्ये नीट उलगडलं. आमचा गडी वर्षभर मला सांगत होता की डबा गोठ्याच्या माळ्यावर ठेवा, तिथं गार असते. गार असते, खरंच. काच पुसायच्या अमोनियावाल्या बाटलीलाही मी आता त्या कपाटात जागा देत नाही.

राहिला 240 चा डबा. तीन क्लिपांवर तो अजूनही बरा बंद होतो, आणि ही म्हणते, रिकामा झाला ना, मग दे इकडे, पापड ठेवते. नाही देता येत. वर्षभर शिशाच्या छऱ्यांची काडतुसं त्यात होती, तो परत खाण्याच्या वस्तूला लावायचा नाही, कितीही धुतला तरी. वर मार्करनं 'खाण्याचं नाही' लिहून त्यात खिळे-स्क्रू भरले. हिनं 240 रुपये माझ्या नावे मांडले आहेत. काल तसाच दुसरा आणायला दुकानात गेलो तर तो आता 310 ला झालाय, आणि क्लिपा तशाच.