जर्मनीत घरी हीट पंप: केएफडब्ल्यूचं अनुदान की करसवलत?

जर्मनीत स्वतःच्या घरातला गॅस किंवा तेलाचा बॉयलर काढून हीट पंप (हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणारं यंत्र) बसवायचा, तर सरकारी पैसा मुख्यतः दोन वाटांनी मिळतो. एक, केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेचं 458 क्रमांकाचं अनुदान. दुसरी, आयकर कायद्याच्या कलम 35 सी मधली सवलत. एकाच कामासाठी दोन्ही घेता येत नाहीत. बहुतेकांना अनुदानातच जास्त पैसे सुटतात, पण ते हातातून जातं ते सही चुकीच्या वेळी केल्यामुळे. म्हणून आधी क्रम, मग हिशोब.

अनुदान घ्यायचं तर इन्स्टॉलरशी करार करताना त्यात दोन गोष्टी लिहून घ्या: केएफडब्ल्यूची मंजुरी आली तरच करार लागू होईल ही अट, आणि कामाची अपेक्षित तारीख. मग इन्स्टॉलर किंवा ऊर्जा सल्लागार तांत्रिक प्रमाणपत्र काढून देतो, आणि ते जोडून तुम्ही स्वतः केएफडब्ल्यूच्या पोर्टलवर अर्ज करता. मंजुरीनंतर काम पुरं करायला 36 महिने मिळतात. घोळ होतो तो ऐन जानेवारीत बॉयलर बंद पडल्यावर. इन्स्टॉलर म्हणतो, "आज सही करा, सोमवारी माणसं पाठवतो." अट न घातलेल्या करारावर सही झाली की अनुदानावर पाणी सोडावं लागतं. त्यापेक्षा तात्पुरती हीटिंग भाड्याने आणा. बिघाड झाला असेल तर तिचं भाडंही अनुदानाच्या खर्चात धरतात.

करसवलतीला आधी अर्ज लागत नाही. सही करून बसलेल्यांना हीच वाट उरते.

आता आकडे, 2025 च्या अटींप्रमाणे. मूळ अनुदान 30 टक्के. राहत्या घरातला चालू स्थितीतला तेलाचा बॉयलर किंवा किमान 20 वर्षं जुना गॅस बॉयलर काढलात तर आणखी 20. पंपात प्रोपेनसारखं नैसर्गिक रेफ्रिजरंट (आत फिरून उष्णता वाहून नेणारा पदार्थ) असेल किंवा पंप जमिनीतून उष्णता घेणारा असेल तर 5. घरात राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबाचं करपात्र उत्पन्न वर्षाला 40,000 युरोपर्यंत असेल तर 30. हे उत्पन्न चालू वर्षाचं नसतं: अर्जाच्या आधीचं दुसरं आणि तिसरं वर्ष, त्यांची सरासरी बघतात. सगळं मिळून मर्यादा 70 टक्के, आणि एका घराचा खर्च 30,000 युरोपर्यंतच धरतात. म्हणजे जास्तीत जास्त 21,000.

समजा बिल 32,000 युरोचं आहे, जुना गॅस बॉयलर 22 वर्षांचा आहे आणि नवा पंप प्रोपेनचा. अनुदान 55 टक्के, म्हणजे 16,500. करसवलत 20 टक्के, म्हणजे 6,400, तीही तीन वर्षांत विभागून: 2,240, 2,240 आणि 1,920. त्यातून त्या वर्षी तुमचा आयकरच कमी निघाला तर उरलेली सवलत बुडते, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. इथे विचार करण्यासारखं काही नाही, अनुदानच घ्या.

पारडं फिरतं ते खर्च फार मोठा असेल तेव्हा. करसवलतीत खर्चाची मर्यादा 2,00,000 युरो आहे. गॅस बॉयलर अवघा 12 वर्षांचा असेल तर जमिनीतल्या पंपाला अनुदान 35 टक्के, म्हणजे 10,500 वर थांबतं. बिल 52,500 च्या पुढे गेलं की करसवलत जास्त पडते. मात्र तिला घर किमान 10 वर्षं जुनं आणि स्वतःच्या राहण्याचं लागतं. भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. मूळ 30 टक्के अनुदान मात्र मिळतं आणि त्यासाठी इमारत 5 वर्षं जुनी असली तरी चालते.

तांत्रिक अटींत वर्षभराची सरासरी कार्यक्षमता 3.0 दाखवावी लागते, म्हणजे एक युनिट विजेमागे तीन युनिट उष्णता. पाणी फार तापवावं लागलं की ती घसरते. कडाक्याच्या थंडीत सध्याच्या बॉयलरचं पाणी 55 अंशांवर ठेवून बघा; खोल्या गरम होत नसतील तर रेडिएटर मोठे घ्यावे लागतील. तो खर्च कोटेशनमध्येच धरायला सांगा, आणि खोलीनिहाय हायड्रॉलिक बॅलन्सिंगची, म्हणजे प्रत्येक रेडिएटरला हवं तेवढंच पाणी जाईल अशा जुळणीची, वेगळी ओळ मागा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून बाहेरचं युनिट तळघराच्या झरोक्याला चिकटून ठेवता येत नाही. 2026 पासून या युनिटचा आवाज युरोपीय मर्यादेपेक्षा 10 डेसिबल कमी असावा लागतो. जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

अनुदान काम संपल्यावर, बिलं आणि पूर्ततेचं प्रमाणपत्र दिल्यावर खात्यात येतं. इन्स्टॉलरचे पैसे त्याआधी चुकवावे लागतात. त्यासाठी केएफडब्ल्यूचंच पूरक कर्ज आहे. ते आपल्या बँकेमार्फत घ्यायचं, एका घराला 1,20,000 युरोपर्यंत मिळतं, आणि राहत्या मालकाच्या कुटुंबाचं करपात्र उत्पन्न 90,000 युरोपर्यंत असेल तर व्याजात सूट मिळते. अनुदानाची मंजुरी हातात नसेल तर हे कर्ज मिळत नाही. करसवलत घेणाऱ्यांना ते म्हणूनच बंद. त्यांनी बिल जर्मन भाषेतच घ्यावं आणि पैसे बँकेतूनच द्यावेत; रोखीने दिलेला एकही युरो करखातं धरत नाही.