नवऱ्याचा शेवटचा शब्द, आईची नोकरी: ख्रिस्ती विचार आणि स्त्रीवाद, लग्नाआधी ताडून पाहताना

लग्नाच्या तयारीच्या वर्गात आम्ही पुठ्ठ्याचा एक खोका फिरवतो. ज्याला चारचौघांत विचारायची लाज वाटते त्याने चिठ्ठी टाकायची. गेल्या खेपेला एक निघाली: ‘बाळ झाल्यावर नोकरी ठेवली तर चर्चमधले बोलणार, सोडली तर मैत्रिणी बोलणार. नक्की कुणाचं ऐकू?’ फादर थोडं बोलले, मी थोडं बोलले, तेवढ्यात वेळ संपली. राहिलेलं इथे लिहिते.

ख्रिस्ती विचार आणि स्त्रीवाद यांचं भांडण सगळ्याच बाबतीत आहे असं समजू नका. नोकरीवरून तर ते फारसं नाहीच. खरी गाठ दोन ठिकाणी बसते: घरात शेवटचा शब्द कुणाचा, आणि बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय कुणाचा. बाकी बरंचसं एका घरात नांदू शकतं.

शेवटचा शब्द

लग्नाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला की मागच्या बाकांवरचे काका हमखास कोपर मारतात: ‘ऐकलंस ना? पतीच्या अधीन.’ ते बाविसावं वचन. त्याच्या अगदी आधीचं, एकविसावं, म्हणतं की एकमेकांच्या अधीन असा. बायकांना उद्देशून तीन वचनं आहेत. त्यापुढची आठ नवऱ्याला सांगतात की ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी बायकोवर प्रीती कर. काकांना ती पाठ नसतात.

ख्रिस्ती लोकांतही यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या काही इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या शब्दावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट, मंडळींनी १९८७ साली ‘डॅनव्हर्स निवेदन’ तयार करून आपली बाजू मांडली: मोल समान, भूमिका वेगळ्या, कुटुंबाचं मस्तक नवरा. आपल्याकडच्या अनेक स्वतंत्र मंडळ्यांत हेच शिकवतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मात्र १९८८ साली लिहिलं की नवराबायकोत अधीनता एकतर्फी नाही, परस्परांची आहे. त्याच पोपनी १९९४ साली स्त्रियांना धर्मगुरूपद देता येणार नाही, हेही पक्कं केलं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये बाई पाळक, म्हणजे धर्मगुरू, होऊ शकते. तेव्हा कुणी ‘बायबल असं म्हणतं’ म्हणालं, तर कुठल्या चर्चमध्ये, एवढं विचारायला हरकत नाही.

स्त्रीवाद इथे साधा प्रश्न विचारतो: मोल समान, पण मतभेद झाला की दर वेळी शब्द एकाचाच चालणार असेल, तर समानता दिसणार कुठे? आणि नवऱ्याने ती जीव देणारी प्रीती केलीच नाही, तर बाईने जायचं कुठे? हा प्रश्न हवेतला नाही. ख्रिस्ती घटस्फोटाच्या १८६९ च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला नुसत्या व्यभिचारावर घटस्फोट मिळत नसे, जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काही दाखवावं लागे. हा फरक कायद्यातून जायला २००१ साल उजाडलं. या एका मुद्द्यावर मी स्त्रीवाद्यांच्या बाजूची आहे आणि ते लपवत नाही. प्रेम शिकवता येतं, पण मागे बरोबरीचा हक्क नसेल तर सगळं नवऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहतं.

आईपण

चिठ्ठीवालीला वाटत होतं की घरी राहणारी आई हीच ख्रिस्ती आई. मला माझी आई आठवली. वसईची. पहाटे पहिल्या गाड्यांपैकी एकीने मोगऱ्याची पाटी घेऊन दादरला. कळ्या उमलायच्या आत विकायच्या असत, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. परत यायला दुपार होई. रविवारी चर्चमध्ये तीच पुढच्या बाकावर असे आणि तिला कुणी कमी ख्रिस्ती म्हटल्याचं मला आठवत नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री तरी वेगळं काय करते? शेत पाहून विकत घेते, द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं करून विकते. दिवसभर घरात बसून राहणाऱ्या आईचं चित्र आपल्याकडे आलं कुठून, हे शोधायला हवं. वसईच्या वाडीतून नाही आणि या अध्यायातूनही नाही.

चर्चची खरी शिकवण याहून खोल आहे. आईपण हे देवाने दिलेलं पाचारण आहे, बाळ हे ओझं नसून दान आहे. मला ही शिकवण मोलाची वाटते, कारण बाजार आईच्या वेळेला किंमत देत नाही आणि इथे कुणीतरी देतं. शिवाय मूल न होण्याचा सन्मान्य मार्गही चर्चने शेकडो वर्षं दिला आहे. सिस्टर झालेल्या, म्हणजे लग्न न करता धर्मसेवेचं व्रत घेतलेल्या, बाईला ‘पाळणा कधी?’ असं कुणी विचारत नाही. सिस्टर न होता पस्तिशीत एकटी राहिलेल्या बाईला विचारतात. चर्चमध्येच, मिस्सा सुटल्यावर.

स्त्रीवादात आईपणाला अडचण मानणारा एक सूर होता आणि आहे. पण तोच सगळा स्त्रीवाद नाही. मूल वाढवण्याचा आनंद वेगळा आणि ‘हे एकट्या बाईनेच करायचं’ हा नियम वेगळा, असं सांगणाऱ्याही पुष्कळ आहेत. १९७२ पासून युरोपात ‘घरकामाला वेतन द्या’ अशी चळवळ उभी राहिली, तिचं म्हणणं हेच होतं की हे काम आहे, माया म्हणून फुकटात काढू नका. आपल्या सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. चर्च म्हणतं त्याग पवित्र आहे, स्त्रीवाद विचारतो की पाळी नेहमी तिचीच का. मला ही वाक्यं एकमेकांना छेद देणारी वाटत नाहीत.

शरीराचा निर्णय

इथे मात्र दोघांचं जुळवता येत नाही, आणि जुळतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कॅथलिक शिकवणीत कृत्रिम संततिनियमनाला स्पष्ट नकार आहे, १९६८ साली पोपनी तो पुन्हा पक्का केला, दिवस मोजण्याची नैसर्गिक पद्धत तेवढी चालते. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, बिशपांनी १९३० सालीच काही अटींवर वाट मोकळी केली होती. गर्भपाताबद्दल कॅथलिक चर्च गर्भधारणेपासून जीव मानतं आणि मागे हटत नाही. स्त्रीवादाच्या दृष्टीने निर्णय बाईचा, आणि आपला १९७१ चा कायदाही सज्ञान स्त्रीचीच संमती मागतो, नवऱ्याची नाही. मुलगी म्हणून गर्भ पाडण्याविरुद्ध मात्र मुंबईतल्या स्त्री संघटनाच रस्त्यावर उतरल्या आणि १९८८ साली महाराष्ट्रात गर्भलिंगचाचणीवर पहिला कायदा आला. चर्चलाही दुसरं काय हवं होतं?

दोघांनी लग्नाआधी बोलायचंच असेल तर याबद्दल बोला. हॉलचं बुकिंग नंतर करा.

दोन्ही घेऊन जगलेली

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्या तेव्हा विधवा होत्या, लहानग्या मनोरमेची आई होत्या. तिथल्या सिस्टर त्यांना मायेने वागवत, पण काय मानायचं आणि मनोरमेला काय शिकवायचं यावरून खटके उडत. एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, लगेच दुसरं घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. पुढे १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन, मग निराधार बायांसाठी केडगावचं मुक्ती सदन. तिथे छापखान्यातही बाया काम करत, आणि बायबलचं मराठी भाषांतर रमाबाईंनी स्वतः केलं. धर्म सोडला नाही, मान तुकवली नाही. पुण्यातले लोक त्यांच्यावर रागावले आणि चर्चमधलेही, हेही धरून चाला.

आणि जमीन

याबद्दल वर्गात कुणी चिठ्ठी टाकत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मुलीला त्यांच्या मालमत्तेत भावाइतकाच वाटा आहे, १९२५ च्या वारसा कायद्याने. केरळातल्या त्रावणकोरच्या जुन्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, जे कमी असेल ते मिळे. तिथल्याच मेरी रॉय या ख्रिस्ती बाईंनी ते १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात मोडून काढलं. आपल्याकडे कायदा सरळ असूनही मुली हक्कसोडपत्रावर सही करतात, ‘भावाशी कशाला वाईटपणा’ म्हणून. ते ना बायबल सांगतं, ना स्त्रीवाद. सही करण्याआधी निदान कागद घरी आणून वाचा.

वर्ग सुटल्यावर एक जोडपं खुर्च्या आवरायला थांबलं होतं. मी विचारलं, बाळाला ताप आलाय, दोघांचीही ड्यूटी आहे, रजा कोण काढणार? मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, ‘मम्मी आहे ना घरी.’ मम्मीला विचारलंय का, असं मी म्हणणार तोच चहा आला.