कुंभारानं वेबसाइट कशावर करावी: शॉपिफाय, वर्डप्रेस की स्वतः लिहून?

कोल्हापूरच्या बापट कॅम्पातल्या, म्हणजे आमच्या कुंभारवस्तीतल्या, एका जोडीदारानं परवा विचारलं, "वेबसाइट करायची म्हणतोय, कशावर करू?" हात चिखलात होते, तेव्हा नीट सांगता आलं नाही. तिन्ही वाटांनी जाऊन आलोय, म्हणून इथं लिहितो.

आधी एवढंच बघा: तुमचा माल कुरिअरनं जाणार आहे का? कुरिअरवाले काट्यावरचं वजन तर बघतातच, शिवाय खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० नं भागतात. दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे. चार किलोची कुंडी पेंढा घालून ४० सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात बसवली, की त्यांच्या हिशोबात ती १२.८ किलोची होते. मी साइटवर चार किलोचं भाडं लावून बसलो होतो. पुण्याच्या एका ताईंनी दोन कुंड्या मागवल्या आणि सगळा नफा भाड्यात गेला. वेबसाइट कुठलीही घ्या, हे गणित ती आपणहून करत नाही.

शॉपिफाय म्हणजे भाड्यानं मिळणारं तयार ऑनलाइन दुकान. ते एका दुपारीत उभं राहतं, हे खरं. पण दर महिन्याला पैसे भरायचे, विक्री होवो न होवो. गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या पेमेंट गेटवेचं कमिशन वेगळं. आपला धंदा बेंदराचे बैल, गणपती, नवरात्रातले घट, पणत्या, संक्रांतीची सुगडी असा हंगामी. मधल्या रिकाम्या महिन्यांचं भाडं जड जातं. चहा-कॉफीचे एकसारखे मग महिन्याला पन्नास जात असतील तर खुशाल घ्या.

वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे आणि फुकट आहे. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा, मात्र विकत घ्यावं लागतं. वूकॉमर्स हे प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, टाकलं की खरेदीची टोपली मिळते, तेही फुकट. पण अपडेट आणि बॅकअप तुमच्याच गळ्यात. ऐन गणपतीत एक प्लगिन अपडेट केलं आणि फोटोंचं पानच गायब झालं. मूर्ती रंगवायची सोडून रात्री दोनपर्यंत तेच निस्तरत बसलो.

शेवटी साधं एचटीएमएल, म्हणजे वेबसाइटचं पान ज्यात लिहितात ती भाषा, शिकलो. तीन आठवडे, रोज जेवणानंतर तासभर. पहिलं पान उघडलं तर 'माठ'च्या जागी नुसत्या किडेमुंग्या! अक्षरं यूटीएफ-८ या पद्धतीनं वाच, असं ब्राउझरला सांगणारी वरची एक ओळ राहिली होती. दुसरी चूक फोटोंची. मोबाइलचा पाच एमबीचा फोटो तसाच टाकला, गिऱ्हाइकाकडं पान उघडेना. रुंदी १२०० पिक्सेल करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात काढला, तेव्हा दोनशे केबीच्या आत आला. टोपली ठेवलीच नाही. प्रत्येक फोटोखाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आहे; दाबलं की "७ नंबरची कुंडी आहे का?" हा मजकूर आपोआप येतो. खोकं मोजतो, मग भाडं सांगतो. हातानं घडवलेल्या दोन कुंड्या सारख्या नसतात, त्यामुळं गिऱ्हाईक असंही विचारतंच.

हे पान फुकट ठेवायला सगळे गिटहब पेजेस सुचवतात. पण ऑनलाइन धंद्यासाठी ते वापरू नये, असं त्यांच्याच नियमात आहे. मी क्लाउडफ्लेअर पेजेसवर ठेवलंय. खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, वर्षातून एकदा.

आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरच घ्या. माझी पहिली साइट ज्यानं करून दिली त्यानं ते स्वतःच्या नावावर घेतलं होतं. नूतनीकरणाची वेळ आली आणि गडी फोनच उचलेना. छापलेली हजार कार्डं वाया गेली.

आता त्या जोडीदाराचं. त्याच्याकडं नुसत्या शाडूच्या मूर्ती. त्या कुरिअरनं जात नाहीत. लोक येऊन बघतात, विसार देतात आणि चतुर्थीला घेऊन जातात. त्याला टोपली कशाला? फोटो, उंची, किंमत, नकाशा आणि व्हॉट्सअ‍ॅप, एवढं एकच पान पुरे. वर्डप्रेसचं नाव काढू नको म्हटलंय. रविवारी तो लॅपटॉप घेऊन येतोय. मूर्तींचे फोटो दुपारच्या उन्हात नको, सकाळी सावलीत काढून आण, असं बजावलंय.