कोरोनेशन स्ट्रीट की ईस्टएन्डर्स?

भाची सप्टेंबरात मास्टर्सला मँचेस्टरला चालली आहे. परवा तिचा मेसेज आला : "मावशी, तिकडचं बोलणं कानात बसावं म्हणून एखादी मालिका सांग. एकच हं, वेळ नाही." एकच म्हटल्यावर माझी पंचाईत झाली. ब्रिटनमध्ये हा प्रश्न विचारला की घरात दोन तट पडतात. एक 'कोरी'वाल्यांचा, म्हणजे कोरोनेशन स्ट्रीटचा, आणि दुसरा ईस्टएन्डर्सचा. तिच्यासारखे निघालेले आणखीही असतील, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघते. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

१९९७ च्या हिवाळ्यात मी मँचेस्टरला लागून असलेल्या साल्फर्डला एका आजीबाईंच्या घरात खोली घेऊन राहत होते. आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी साडेसात वाजता कोरीची, कॉर्नेट या पितळी वाद्यावरची ती रडवेली धून सुरू व्हायची, आणि आजीबाई मला "बस गं, लव्ह" म्हणून चहाचा कप हातात द्यायच्या. मधला जाहिरातींचा ब्रेक लागला की किटली पुन्हा चढायची. हे फक्त आमच्या घरात होत नव्हतं. मोठ्या मालिकांच्या ब्रेकला आणि शेवटाला देशभर एकदम किटल्या चालू होतात, आणि तिथल्या वीज ग्रीडला त्याची तयारी आधी करून ठेवावी लागते.

कोरी सुरू झाली ९ डिसेंबर १९६० रोजी. ग्रॅनडा टेलिव्हिजनची निर्मिती, लेखक टोनी वॉरन, वय अवघं चोवीस. त्यानं आधी 'फ्लोरिझेल स्ट्रीट' असं नाव दिलं होतं. ते एखाद्या फिनेलच्या बाटलीवरचं वाटतं, असं चहा देणाऱ्या बाई म्हणाल्या आणि नाव बदललं, असा किस्सा सांगतात. वेदरफील्ड हे गाव काल्पनिक असलं तरी ते साल्फर्डच आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. लाल विटांच्या एकमेकींना चिकटलेल्या घरांची ओळ, टोकाला रोव्हर्स रिटर्न नावाचा पब, कोपऱ्यावर दुकान. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला नकाशा समजावून सांगायची गरज नाही. गॅलरी नाही एवढंच. पहिल्या भागात कॉलेजात जाणारा केन बार्लो साकारणारे विल्यम रोच साठ वर्षं उलटून गेली तरी त्याच गल्लीत केनच आहेत, आणि त्याबद्दल त्यांची गिनेस बुकात नोंद आहे.

ईस्टएन्डर्स त्या मानानं धाकटी. १९ फेब्रुवारी १९८५, बीबीसी. ज्युलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड या जोडीनं लंडनच्या पूर्व भागातला वॉलफर्ड उभा केला. चित्रीकरण मात्र लंडनबाहेर, बोरहॅमवुडच्या सेटवर. मधोमध बाग असलेला आल्बर्ट स्क्वेअर, त्याच्या कोपऱ्यावर क्वीन व्हिक पब. पहिल्याच भागात तिघं जण दार फोडून एका म्हाताऱ्याच्या खोलीत शिरतात आणि तो खुर्चीत मरणासन्न सापडतो. इथे काय वाढून ठेवलंय, ते पहिल्याच मिनिटाला कळतं.

दोन्हींतला फरक मला विचाराल तर शेवटच्या दहा सेकंदांत आहे. ईस्टएन्डर्सचा जवळजवळ प्रत्येक भाग एका चेहऱ्यावर येऊन थांबतो आणि ढोल वाजतात. लोक त्याला 'डूफ डूफ' म्हणतात. आपल्याकडे एका थपडेनंतर तीनदा कॅमेरा फिरतो ना, तसंच, फक्त चेहरा एकच आणि ढोल जास्त चांगले. १९८६ च्या नाताळात डेन वॉट्सनं बायकोच्या, अँजीच्या हातात घटस्फोटाचे कागद ठेवले आणि "हॅपी ख्रिसमस, अँज" म्हणाला. पुनःप्रक्षेपण धरून तीन कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिलं. पुढे तोच डेन मेला असं सगळ्यांनी मानलं, २००३ मध्ये परत आला, आणि २००५ मध्ये कुत्र्याच्या आकाराच्या लोखंडी दारअडकणीनं मारला गेला. हे वाचून हसू आलं असेल तर ईस्टएन्डर्स तुमच्यासाठी आहे. हसू न येता पुढे काय झालं असं वाटलं, तर नक्कीच आहे.

पण ती नुसती मारामारी नाही, हेही न्यायानं सांगायला हवं. १९९१ मध्ये मार्क फाउलरला एचआयव्ही असल्याचं त्यांनी दाखवलं आणि ते पात्र पुढे कित्येक वर्षं जगवलं. २००८ मध्ये एक अख्खा भाग एकट्या डॉट कॉटनचा. ती भूमिका करणाऱ्या जून ब्राउन टेपरेकॉर्डरसमोर बसून आजारी नवऱ्यासाठी बोलतात, बस्स. अर्धा तास एक म्हातारी बोलते आणि आपण हलत नाही.

आपली माणसं शोधायची तर इथे जरा गंमत आहे. २००३ च्या सुमाराला स्क्वेअरमध्ये फरेरा कुटुंब आलं. आडनाव ऐकून गोव्याच्या माणसाचे कान टवकारतील, पण मुलांची नावं अ‍ॅश, आदी, करीना. बापाच्या भूमिकेत आपले दलीप ताहिल. ते कुटुंब कुणाला पटलं नाही आणि दोनेक वर्षांत गुंडाळलं गेलं. नंतरचं मसूद कुटुंब मात्र जमलं. त्यातली झैनब झालेली नीना वाडिया मुंबईत जन्मलेली, आणि तिची जीभ अशी तिखट की सासू म्हणून ती कुठल्याही मराठी चॅनेलवर चालली असती. कोरीत देव अलाहानचं दुकान १९९९ पासून आहे. त्यावर माझं फार काही म्हणणं नाही.

आता कोरी. तिथेही खून आहेत, ट्राम कोसळली आहे (२०१०, पन्नासाव्या वाढदिवसाच्या आठवड्यात), एका जावयानं अख्खं कुटुंब गाडीत बांधून कालव्यात घातलं आहे. पण मला आठवतं ते हे नाही. मला आठवते हिल्डा ऑग्डेन. जीन अलेक्झांडर त्या भूमिकेत होत्या. डोक्याला सदैव कर्लर्स, वर रुमाल, पबची झाडलोट करणारी, गल्लीभर चुगल्या करणारी. घरातल्या भिंतीवर डोंगरदऱ्यांचं मोठं चित्र, त्यावर उडणारी तीन प्लास्टरची बदकं, त्यातलं एक कायम वाकडं. चित्राला म्हणायचं म्यूरल, ही म्हणायची 'म्युरिएल'. मी गेले तेव्हा ही बाई मालिका सोडून दहा वर्षं झाली होती, तरी आजीबाई भिंतीवरच्या आपल्या कॅलेंडरालाही 'म्युरिएल'च म्हणायच्या. हिल्डाच्या निरोपाचा भाग १९८७ च्या नाताळचा, जवळपास २ कोटी ७० लाख प्रेक्षकांचा.

आणि लोक त्यात किती गुंततात! १९८३ मध्ये डियर्ड्रीनं प्रियकर माइकला सोडून नवऱ्याकडे, म्हणजे केनकडे राहायचं ठरवलं, तेव्हा मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या स्कोअरबोर्डवर निकाल झळकला : केन १, माइक ०. माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं म्हणजे १९९८. वैमानिक असल्याची थाप मारणाऱ्या एका भामट्यापायी हीच डियर्ड्री तुरुंगात गेली. वर्तमानपत्रांनी सुटकेची मोहीम काढली, पंतप्रधान टोनी ब्लेअरसुद्धा त्यावर बोलले. आमच्या आजीबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मी "ती गोष्ट खोटी आहे ना पण" असं म्हणाले होते.

भाषेसाठी बघायची तर कुठे राहणार त्यावर ठरवा. मँचेस्टरकडे कपाचा 'कुप' होतो, काही नाहीला 'नाउट', काहीतरीला 'समट'. हे कोरीत रोज ऐकू येईल. लंडनला जाणार असाल तर ईस्टएन्डर्स. तिथे 'थ'चा 'फ' होतो आणि वाक्याच्या शेवटी 'इनिट' लागतं, सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जाईल. ईस्टएन्डर्स बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर, म्हणजे टीव्ही लायसन्स काढावं लागेल. कोरी आयटीव्ही वाहिनीच्या आयटीव्हीएक्स या ऑनलाइन सेवेवर फुकट, जाहिराती सोसून. दोन्हींपैकी कुठलीच पहिल्या भागापासून बघायच्या भानगडीत पडू नका, हजारो भाग आहेत. आजचा लावा, पंधरा दिवसांत कोण कुणाचा कोण ते कळतं.

दोन महिनेच बघणार असाल तर मी नाइलाजानं ईस्टएन्डर्स म्हणेन, ती लवकर पकड घेते. वर्षभर एकटीनं जेवायचं असेल तर कोरी. तिथली माणसं विनोदी आहेत, आणि परक्या देशात रात्रीच्या जेवणाला विनोदी माणूस समोर असलेला बरा.

भाचीला मी कोरीच सांगितली, आणि सोबत एक जुनी क्लिप पाठवली. १९८४ ची. हिल्डाचा नवरा स्टॅन गेलाय, अंत्यविधी उरकलाय, लोक गेलेत. हॉस्पिटलातून आलेलं त्याच्या सामानाचं तपकिरी कागदाचं पुडकं ती टेबलावर घेते. आत पायजमा. मग चष्म्याचं घर. ती ते उघडते.

भाचीचं लगेच उत्तर : "मावशी, यात कुणी बोलतच नाहीये."